मिसअंडरस्टँडिंगला दोन माणसं लागतात

आमच्या कचेरीत दाराजवळच्या खुंटीवर एक काळा कोट टांगलेला असे. तो बडेबाबूंचा. बडेबाबू म्हणजे हेडक्लार्क. नागपूर राजधानी होती तेव्हापासून आमच्याकडे हाच शब्द चालत आलेला. पुढे महाराष्ट्र झाला, दारावरची पाटी बदलली, साहेब पुण्याकडून येऊ लागले, पण बडेबाबू बडेबाबूच राहिले. थंडीत ते हा कोट घालत नसत. थंडीत घोंगडी पांघरून बसत. कोट ते फक्त इंग्रजी लिहिताना घालत.

हे मी पहिल्यांदा पाहिलं ते ऐन मे महिन्यात. बाहेर रस्त्यावर कुत्रंदेखील नव्हतं. बडेबाबू उठले, खुंटीवरून कोट काढला, गळ्यापर्यंतची सगळी बटणं लावली आणि टाक उचलून जिल्ह्याच्या ठिकाणी एक पत्र लिहिलं. कपाळावरचा घाम कागदावर पडू नये म्हणून मान वाकडी धरून लिहीत होते. पत्र संपलं, कोट परत खुंटीवर गेला, आणि नुसत्या सदऱ्यावर बसून ते मराठी टिपणं काढू लागले.

मी नवा होतो. विचारलं, "बडेबाबू, कोट कशाला?"

"इंग्रजी पाहुन्याची भाषा आहे रे बाबू," ते म्हणाले. "पाहुन्यासमोर उघडं बसू नाही."

मी तोंडावर रुमाल धरून हसलो. त्या काळात मी त्यांच्या पुष्कळ गोष्टींना हसत असे. आज त्यांच्याच खुर्चीवर बसून हे लिहिताना ते हसू आठवतं आणि बरं वाटत नाही. पण ते मनापासून होतं, हे लपवण्यातही अर्थ नाही.

पंचक्रोशीत बडेबाबूंचं नाव होतं ते मात्र कोटासाठी नव्हे. ते चुकांचं इंग्रजी लिहून देत. तेव्हा वरून मेमो यायचा तो इंग्रजीत आणि उत्तर जायचं तेही इंग्रजीत. कोणी काय चूक केली, का केली, याचा खुलासा त्या भाषेत करायचा, जी चूक करताना कोणाच्याही डोक्यात नव्हती. त्यामुळे शाळामास्तर, दवाखान्यातला कंपाउंडर, ग्रामसेवक, एस.टी.चे कंडक्टर असे सगळे कचेरी सुटायच्या सुमाराला हातात मेमो घेऊन बडेबाबूंकडे येत. बडेबाबू कोणाकडून काही घेत नसत. अटी मात्र होत्या.

पहिली अट खोक्याची. त्यांच्या टेबलाशेजारी चहाचा एक रिकामा लाकडी खोका पालथा घातलेला असे. चूक सांगणाऱ्याने त्याच्यावर बसायचं, मग तो कितीही मोठा असो. "खुर्चीवर बसला का मानूस कारन सांगते," ते म्हणत. "खाली बसला का चूक सांगते." दुसरी अट अशी की चूक आधी आपल्या बोलीत सांगायची, पहिल्यापासून शेवटपर्यंत, आणि मध्ये एकदाही 'पण' म्हणायचं नाही. बडेबाबू समोर फुटाणे खात ऐकत. सांगणाऱ्याच्या तोंडून 'पण' निघाला की त्यांचं चावणं थांबे.

"पयल्यापासून," ते म्हणत.

मी एका हेडमास्तरांना असं चार-पाच वेळा पहिल्यापासून सांगताना पाहिलं आहे. शेवटच्या वेळी त्यांची चूक इतकी लहान आणि इतकी स्पष्ट झाली होती, की ते स्वतःच म्हणाले, "एवढंच का झालं होतं?"

"एवढंच झालं होतं," बडेबाबू म्हणाले आणि कोट घालायला उठले.

मग शब्द निवडायची वेळ. त्यात ते सोनाराहून बारीक. चुकीला इंग्रजीत पुष्कळ शब्द आहेत, पण ते एकमेकांच्या जागी घालायचे नाहीत, हे त्यांचं पहिलं सूत्र. आम्हा नव्या कारकुनांना ते काट्यांवरून शिकवत. "स्लिप म्हंजे सराटा. पायाले लागला, झटकला, चालू लागलं. ओव्हरसाइट म्हंजे बोरीचा काटा. खाली बसून काढा लागते. निग्लिजन्स म्हंजे बाभयीचा. तो आत मोडते अन् पिकते. ज्याले सराटा लागला त्यानं बाभूय रुतली म्हून बोंबलू नाही, अन् ज्याच्या पायात बाभूय आहे त्यानं सराटा म्हून हसू नाही." शाळेत मी इंग्रजीचं व्याकरण घोकलं होतं, पण हे शब्द मला पायात टोचून समजले ते त्या टेबलापाशी.

एकदा आमच्याच कचेरीतला शिपाई खोक्यावर बसला. सरकारी वळू दुसरबीडच्या बाजूच्या एका गावी पायी पोचवायची कामगिरी त्याच्यावर होती. वाटेत त्याची सासुरवाडी. तिथे तो भाकर खायला थांबला. तेवढ्यात गावकऱ्यांनी वळूला ओवाळलं, हार घातला, मारुतीच्या पारापाशी बांधला आणि सोडायला नकार दिला. म्हणाले, आमच्या गावात चालत आलेला वळू आम्ही परत धाडत नसतो. इकडे दुसऱ्या गावातले लोक वाट पाहून कंटाळले आणि तक्रार झाली.

"बडेबाबू, लिहा का वळू रस्त्यात अडकला," शिपाई म्हणाला.

"वळू अडकला का तू?"

"सासूनं लय आग्रह केला, पन..."

चावणं थांबलं.

"पयल्यापासून," शिपाई आपणच म्हणाला आणि त्याने पुन्हा सुरुवात केली.

पण बडेबाबूंचा खरा हट्ट एका शब्दापाशी असे. तो म्हणजे मिसअंडरस्टँडिंग. हा शब्द सगळ्यांना हवा असे, कारण त्यात कोणाचंच काही जात नाही. दोन माणसांत धुकं पडलं, धुक्याला शिक्षा कोण करणार? बडेबाबू तो सहजासहजी देत नसत. "मिसअंडरस्टँडिंगले दोन मानसं लागतात," ते म्हणत. "एकट्याची होत नाही. दुसऱ्याले घेऊन ये." आणि खरोखरच दुसरा आल्याशिवाय ते तो शब्द लिहीत नसत. दोघे आले की दोघांनी त्या एकाच खोक्यावर मांडीला मांडी लावून बसायचं, आणि याने त्याची बाजू सांगायची, त्याने याची. आपली आपण सांगायची नाही. दोघांनाही एकमेकांची बाजू सांगता आली, तरच तो शब्द कागदावर उतरे.

मेहकरच्या गाडीवरचा एक तरुण कंडक्टर असाच आला होता. एक म्हातारबा त्याच्या गाडीत झोपून राहिला, फाट्यावर उतरायचा तो शेवटच्या गावी पोचला, आणि त्याच्या भाच्याने तक्रार लिहिली. कंडक्टर म्हणाला, त्याने मला उठवायला सांगितलंच नव्हतं. बडेबाबूंनी त्याला म्हाताऱ्याला आणायला धाडलं. पुढच्या बाजाराच्या दिवशी कंडक्टर त्याला आपल्याच गाडीतून घेऊन आला. दोघे खोक्यावर बसले. म्हातारबा आधी बोलला.

"मी सांगतलं होतं ते पयल्या कंडक्टरले. मेहकरले तो उतरला अन् हे पोरगं चढलं. याले काय मालूम म्या काय सांगतलं? गाडीत बकऱ्या, दोन लेकराइचं रडनं, याची नवी नौकरी. मी तं घोरून राह्यलो होतो. घोरनाऱ्याले उठवाले भीतीच वाटते. शिव्या देते मानूस."

कंडक्टर त्याच्याकडे बघतच राहिला. मग त्याला म्हाताऱ्याची बाजू सांगायची होती. तो म्हणाला, "बाबाले वाटलं असन, गाडी तं येकच हाय, मंग कंडक्टरही येकच. त्याचं खरं हाय." बडेबाबू उठले, कोट घातला आणि एका दमात खुलासा लिहिला. त्या दिवशी म्हातारबाला फाट्यापर्यंत सोडायला कंडक्टर स्वतः गेला, आणि बडेबाबूंच्या पुडीतले फुटाणे दोघांनी वाटेत खाल्ले.

मला कायम एक कुतूहल वाटे. हा माणूस दुसऱ्यांच्या चुका इतक्या नेमक्या तोलतो, तर याची स्वतःची कधी होते की नाही? झालीच, तर तो कोणापुढे बसेल? त्या खोक्यावर मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

ती वेळ एका विहिरीवरून आली.

दुसरबीडकडे जाणाऱ्या रस्त्यापासून आत एक गाव आहे. नाव लिहीत नाही. गावाला मधून नाला आहे. अलीकडे गाव, पलीकडे पंधरा-वीस घरांची बौद्ध वस्ती. गावाला दोन विहिरी होत्या, वस्तीला एकही नव्हती. बाया नाल्यातच वाळू उकरून झिरा करत आणि वाटीने पाणी भरत. त्या वस्तीसाठी पिण्याच्या पाण्याची एक विहीर मंजूर झाली. जागा ठरवून चुन्याची खूण करायची होती. ओव्हरसियर तापाने आजारी, म्हणून साहेबांनी बडेबाबूंना पाठवलं. चुन्याची पिशवी घेऊन मी सोबत.

दिवाळी नुकतीच झाली होती. आम्ही गावात पोचलो तेव्हा गावच्या पुढाऱ्यांनी ओट्यावर पाट मांडून ठेवले होते. भाकरी, भरल्या वांग्याची भाजी, ठेचा, ताक. जेवणं झाल्यावर पुढारी म्हणाले, "बडेबाबू, पल्याड सगळा खडक हाय. पानी लागाचं नाही. इकडंच खना. इहीर गावाची, सगळेच भरतीन." मंजुरीचा कागद बडेबाबूंच्या खिशात होता. त्यात जागा नाल्यापलीकडची होती. बडेबाबू नाल्यापर्यंत गेले. पाणी घोट्याएवढं. पलीकडच्या काठावर काही बाया उभ्या होत्या. बडेबाबूंनी डोळ्यांवर हात धरून तिकडे पाहिलं. ते आता धोतर वर खोचतील असं वाटून मी चपला हातात घेतल्या. पण ते वळले आणि म्हणाले, "टाक चुना अठीच."

मी टाकला. ते का वळले, हे मी विचारलं नाही.

विहीर झाली. पाणीही लागलं. उन्हाळा आला तसा व्हायचा तो प्रकार झाला. वस्तीतल्या बाया हंडे घेऊन आल्या, त्यांना थांबवलं गेलं, सर्वांचं भरून झाल्यावर भरा, असं सांगितलं गेलं, आणि ते 'झाल्यावर' कधी येईना. तक्रार जिल्ह्याला गेली. जिल्ह्याहून साहेबांना पत्र आलं की विहीर मंजूर जागी का नाही, खुलासा करा.

साहेब पुण्याकडचे. पहिले काही महिने आमचं 'का'च्या जागी 'काऊन' ऐकून ते 'काय म्हणाले हे?' असं मला हळूच विचारत. पण माणूस वाईट नव्हता, आणि बडेबाबूंवर त्यांचा जीव होता. त्यांनी दार लोटून घेतलं. मी टाइपरायटरपाशी होतो, मला बाहेर जायला कोणी सांगितलं नाही.

"बडेबाबू, एक ओळ लिहा," साहेब म्हणाले. "जागेबाबत मिसअंडरस्टँडिंग झालं. झालं मग. गावाला विहीर मंजूर होती, गावात विहीर झाली. फाइल बंद."

बडेबाबूंनी टेबलावरचं पत्र उचलून पुन्हा वाचलं.

"आणि दुसरं काही लिहिलंत," साहेब आवाज खाली आणून म्हणाले, "निग्लिजन्स वगैरे, तर ही विहीर मला मंजुरीबाहेरची धरावी लागेल. पलीकडे नवं काम काढावं लागेल. आणि तुम्हाला या खुर्चीवरून उतरवावं लागेल. तुमचं एक वर्ष राहिलंय. साधा कारकून म्हणून रिटायर व्हाल. कळतंय ना मी काय म्हणतो?"

"कयते साहेब. पन मिसअंडरस्टँडिंगले दुसरा मानूस लागते."

साहेब हसले. "तो नियम तुमचा आहे, सरकारचा नाही."

"हाव," बडेबाबू म्हणाले. "माहाच आहे."

बाहेर आल्यावर मीही म्हणालो, "बडेबाबू, लिहून टाका. एक शब्द तर आहे." मी हे त्यांच्या भल्यासाठीच म्हणत होतो. पलीकडच्या बायांचा विचार त्या वेळी माझ्या मनाला शिवलादेखील नव्हता. बडेबाबूंनी माझ्या हातावर थोडे फुटाणे ठेवले आणि म्हणाले, "उद्या पयल्या गाडीनं जाऊ."

सकाळी ते स्टँडवर आले तेव्हा हातावर तो कोट होता, आणि पिशवीत कोरा कागद, दौत, टाक. "दुसरा मानूस हो म्हनला तं तठीच लिहून टाकीन," ते म्हणाले. मला वाटलं, त्यांनाही ते 'हो' हवं आहे. आजही वाटतं. खुर्ची कोणाला नको असते?

नाला कोरडा होता. पलीकडे पहिलंच घर गयाबाईचं. तक्रारीवर पहिला अंगठा तिचाच होता. पन्नाशीची असेल. दारात बसून तुरीच्या काड्यांचा खराटा बांधत होती. आम्हाला पाहून तिने बाज पुढे केली. भिंतीवर बुद्धाची तसबीर, तिच्याखाली पालथे घातलेले दोन हंडे. आम्ही बाजेवर बसलो.

"बाई, त्या इहिरीची जागा म्याच दाखवली," बडेबाबू म्हणाले. "चुना माह्यासमोर पडला."

"मालूम हाय," ती खराटा बांधता बांधता म्हणाली. "आमी या काठावर उभ्या होतो. तुमी डोयावर हात धरून इकडं पाह्यलं होतं."

"हाव."

"मंग आले काऊन नाही?"

"ते लोक म्हनत होते इकडं खडक हाय. म्या येनारच होतो, पन..."

ते थांबले. इतक्या वर्षांत दुसऱ्याच्या तोंडात हा शब्द ऐकून थांबणारा माणूस आपल्याच तोंडातल्या त्या शब्दाला अडखळला. त्यांनी उजवीकडे, डावीकडे पाहिलं, जणू तो खोका इथेच कुठेतरी असायला हवा. मग ते बाजेवरून उतरले आणि सारवलेल्या जमिनीवर मांडी घालून बसले.

"पयल्यापासून सांगतो," ते म्हणाले.

गयाबाईला त्यातलं काही माहीत नव्हतं. तिने फक्त हातातली काडी खाली ठेवली.

"खडक आहे का नाही, हे म्या पाह्यलंच नाही. नाल्याले घोट्याएवढं पानी होतं, येता आलं असतं. इकडं आलो असतो तं तुमी पानी देल्लं असतं. ते मले प्या लागलं असतं. नाही पेलो असतो तं तुमच्या ध्यानात आलं असतं. पेलो असतो तं तिकडच्या ओट्यावरच्याइच्या ध्यानात आलं असतं. हे टाळासाठी म्या तठूनच वळलो. चुना टाकाले सांगतला."

मी आयुष्यात पुष्कळ कबुल्या ऐकल्या आहेत, काही स्वतःही दिल्या आहेत. इतकी बिनआडोशाची ऐकली नाही. तिथे मला मान वर करवेना, कारण त्या दिवशी बडेबाबू वळले तेव्हा मलाही आतून बरंच वाटलं होतं.

गयाबाईने खाली ठेवलेली काडी पुन्हा उचलली. मग बडेबाबूच म्हणाले, "साहेब म्हनते, कागदावर लिहा का दोन्हीकडून गैरसमज झाला. म्हून तुले इचाराले आलो माय. तुमचा काही गैरसमज झाला होता का?"

"नाही," ती म्हणाली. "आमाले त्याच दिशी सगळं समजलं होतं."

तिच्या आवाजात राग नव्हता. विचारलेल्या प्रश्नाचं ते उत्तर होतं. बडेबाबूंनी मान हलवली. हातावरच्या कोटाची घडी घातली आणि ती पिशवीत कागदावर ठेवून दिली.

"पानी दे माय," ते म्हणाले.

"हंड्यात नाही. पोट्टी झिऱ्यावर गेली हाय. येक वाटी भरली का मंग वाट पाहा लागते. हयूहयू येते. बसान तं बसा."

आम्ही बसलो. दूर रस्त्यावर परतीच्या गाडीचा हॉर्न वाजला. त्यानंतरची गाडी थेट संध्याकाळची. मी बडेबाबूंकडे पाहिलं. ते दाराकडे बघत होते. ऊन उंबऱ्यावरून सरकत आत आलं. गयाबाईचा खराटा बांधून झाला, तिने दुसरा घेतला. शेवटी डोक्यावर कळशी घेऊन मुलगी आली. गयाबाईने पदराच्या टोकातून पाणी तांब्यात गाळलं आणि तांब्या बडेबाबूंपुढे केला. त्यांनी तो सगळा प्यायला. मग माझ्यासाठी पुन्हा गाळलं. पाण्याला मातीचा वास होता, आणि तळाशी बारीक वाळू राहिली.

दुसऱ्या दिवशी बडेबाबूंनी कोट घातला, बटणं लावली आणि मला टाइपरायटरवर खुलासा सांगितला. तो लहान होता. जागा मंजुरीप्रमाणे पाहिली नाही, हे माझं निग्लिजन्स आहे, आणि वस्तीतल्या लोकांशी कोणतंही मिसअंडरस्टँडिंग झालेलं नाही, कारण मी त्यांच्याशी बोललोच नव्हतो. एवढं झाल्यावर कारण द्यायचं होतं. तिथे ते अडले. सराटा, बोर, बाभूळ, सगळे काटे त्यांच्यापाशी होते, पण या चुकीचं नाव त्यांना त्या भाषेत सापडेना. बराच वेळ माझी बोटं कळांवर नुसती टेकलेली राहिली.

मग ते उठले, कोट काढून खुंटीवर टांगला, नुसत्या सदऱ्यावर येऊन बसले, आणि टाइप केलेल्या मजकुराखाली स्वतःच्या हाताने मराठीत ते कारण लिहिलं. गयाबाईसमोर सांगितलं होतं तसंच, जवळजवळ त्याच शब्दांत.

साहेबांनी कागद वाचला. खिडकीबाहेर पाहिलं. पुन्हा वाचला.

"वरचं जाऊ द्या, तुम्ही ऐकणार नाही," ते म्हणाले. "खालचं तरी काढा. हे कोणी विचारलेलं नाही."

"इचारलं होतं साहेब," बडेबाबू म्हणाले. "बाईनं इचारलं होतं."

कागद तसाच गेला.

पावसाळ्यात हुकूम आला. बडेबाबूंची खुर्ची दुसऱ्याला मिळाली, आणि माझ्याशेजारचं कोपऱ्यातलं टेबल त्यांना. त्यांनी बाकी काही हलवलं नाही. चहाचा खोका मात्र स्वतः उचलून त्या कोपऱ्यात आणला. लोक येतच राहिले. नवे हेडक्लार्क खुर्चीवर एकटे बसून पान लावत, आणि गर्दी कोपऱ्यात असे. आम्ही त्यांना बडेबाबूच म्हणत होतो, नव्यांच्या देखत. हळूहळू वरूनही मराठीत कागद येऊ लागले. त्यात 'नजरचुकीने' हा शब्द आला. बडेबाबूंना तो आवडला नाही. "नजर बिचारी काऊन चुकन?" ते म्हणाले. "तिले तं तठी नेलंच नाही कोनी." हा शब्द मी आज आठवड्यातून दोनदा तरी वापरतो. वापरताना हात जरा थांबतो. मग पुढे जातो.

त्या हिवाळ्यात पलीकडे नव्या विहिरीचं काम निघालं. खडक लागलाच नाही. मुरूम लागला आणि त्याखाली पाणी.

निवृत्तीच्या दिवशी आम्ही हार घातला, साहेब दोन शब्द बोलले. बडेबाबू घरी निघाले तेव्हा कोट खुंटीवरच होता. मी मागून गेलो. "बडेबाबू, कोट राहिला."

"राहू दे," ते म्हणाले. "पाहुना आता येत नाही."

पुढे मी बदल्यांवर फिरलो आणि शेवटी त्याच कचेरीत बडेबाबू म्हणून परत आलो. कोट कोणीतरी नेला होता. खोका होता. माझ्याकडे खुलासे लिहून घ्यायला कोणी येत नाही, त्यामुळे त्याच्यावर जुन्या फायली ठेवल्या आहेत. बडेबाबू वारल्याचं मला उशिरा कळलं. त्या गावी मात्र मी इतक्या वर्षांत एकदाही गेलो नाही. वाटेने जायचो, फाटा दिसायचा, गाडी पुढे जायची. का गेलो नाही, ते मला माहीत आहे आणि नाहीही.

गेल्या उन्हाळ्यात कामासाठी जावं लागलं. काम अलीकडे होतं, तासाभरात संपलं. ओट्यावर पाट मांडलेले होते. मी जेवण नको म्हणालो आणि नाला ओलांडला.

विहिरीला आता सिमेंटचा कठडा आहे आणि रहाट. काठावर एक म्हातारी बसली होती. मी गयाबाईला ओळखलं, तिने मला नाही.

"कोन गावचे?" तिने विचारलं.

मी कचेरीचं नाव सांगितलं.

"तो कोटवाला बाबू आता येत नाही काय?"

मला समजेना. "ते कधी यायचे?"

"दर उन्हाळ्यात. येकदा येऊन जाय. म्हने, कचेरीनं धाडलं, इहीर तपासाले. आत वाकून पाहे, दोरीनं पानी मोजे, तांब्याभर पानी पिये अन् जाय. लय वर्सं आला. दोन उन्हाळे झाले, दिसला नाही."

दर उन्हाळ्यात. म्हणजे निवृत्तीनंतरची सगळी वर्षं. कचेरीने त्यांना कधीच कुठे धाडलं नव्हतं. मी तिला ते सांगितलं नाही. ते आता नाहीत, एवढंच सांगितलं.

तिने रहाटाची दोरी हातात घेतली. मग तिने विचारलं, "मंग आता त्याच्या जागी तू आला काय, तपासाले?"

मला कोणी धाडलं नव्हतं. मी काठावर, तिच्यापेक्षा खालच्या पायरीवर बसलो.

"हाव," मी म्हणालो.

तिने बादली आत सोडली.